घेण्याची रीत

मराठी भाषेने ‘फुकट’ या शब्दाला फारसा मान कधी दिलेला नाही. दुसऱ्याच्या जिवावर खाणारा तो फुकट्या, न मागता मिळालेला सल्ला तो फुकटचा, वाया गेलेले श्रम फुकट गेले, आणि पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी वाढून घेणाऱ्याकडे पाहून ‘फुकट ते पौष्टिक’ असे म्हणण्याची आपली जुनी चाल आहे. ज्याला दाम पडला नाही त्याला मोल नाही, आणि ते घेणाराही जरा कमीच, असा समज या शब्दाच्या पोटात दडलेला आहे. ‘मुक्त’ या शब्दाचे घराणेच निराळे. तो संतांच्या तोंडी वावरलेला शब्द. एखादी वस्तू फुकट आहे म्हणजे तिच्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही. ती मुक्त आहे म्हणजे तिला कोणाचे कुलूप नाही. या दोन गोष्टी एकाच वस्तूत एकत्र नांदू शकतात, पण त्या एक नव्हेत.

इंग्रजीत दोहोंना ‘फ्री’ हा एकच शब्द आहे आणि त्याने एका माणसाचा फार छळ केला आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ साली अशी घोषणा केली की, संगणकाला लागणारी सगळी मूलभूत सॉफ्टवेअर आपण नव्याने लिहू आणि ती ‘फ्री’ असतील. तेव्हापासून ते सांगत आले आहेत की, मला स्वातंत्र्य म्हणायचे आहे, किंमत नव्हे. ऐकणारे मान डोलावतात आणि मनातल्या मनात किती पैसे वाचतील याचा हिशेब करू लागतात. आपल्याजवळ दोन शब्द असून आपणही तेच करतो. संगणकातले मला थोडेफार कळते अशी आमच्या ओळखीपाळखीच्या घरांत समजूत असल्यामुळे ‘अमुक कामासाठी फुकटातलं काही आहे का हो?’ हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. ‘मुक्त काही आहे का?’ असे अजून कोणी विचारलेले नाही.

हा प्रश्न २०२५ सालच्या दिवाळीपासून जास्तच येऊ लागला. त्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल बंद केली. पुष्कळ घरांतली यंत्रे धडधाकट होती, पण पुढच्या विंडोजच्या अटींत बसत नव्हती. कोणी नवे यंत्र आणले, कोणी जुनेच रेटले. नवे आणणाऱ्यांना कळले की, साधे पत्र लिहिण्याचा प्रोग्रामही आता वर्षाचे भाडे मागतो. मग विचारणा सुरू झाली. आणि कामे तरी काय असतात? सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त लिहायचे, घरखर्चाचा तक्ता करायचा, नातवाच्या मुंजीची चित्रफीत पाहायची, जुन्या फोटोवरचा डाग काढायचा, आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, दहा फायलींचा एक गठ्ठा बांधायचा. यांतल्या प्रत्येक कामाला विंडोजवर चालणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि ते नुसते बरे नव्हे, चांगले आहे. पत्राला आणि तक्त्याला लिब्रेऑफिस, चित्रफितीला व्हीएलसी, फोटोला गिम्प, आवाजाला ऑडॅसिटी, गठ्ठ्याला सेव्हन-झिप. विचारणाऱ्याला एवढेच हवे असते. मला मात्र ही नावे सांगताना दरवेळी वाटते की, आपण एका घराचा पत्ता देतो आहोत आणि घर कोणाचे ते सांगत नाही आहोत.

म्हणून ते येथे सांगते. व्हीएलसीचे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या शंकूचे चित्र पुष्कळांच्या ओळखीचे आहे. रस्त्याचे काम चालू असले म्हणजे ठेवतात तो शंकू. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली या कामाला हात घातला. त्यांच्या वसतिगृहातले संगणकांचे जाळे जुने आणि मंद होते. ते बदलून मिळावे यासाठी, वेगवान जाळ्याखेरीज होणारच नाही असे एखादे काम दाखवणे भाग होते. चित्रपट जाळ्यावरून खोल्याखोल्यांत पोहोचवायचा, हे ते काम. शंकूही त्या पोरांनी रस्त्यांवरून गोळा करून आणलेले. तरुणांचा हा उद्योग विद्यालयाने २००१ साली मुक्त परवान्याखाली सोडला, आणि आज जगभरचे लोक त्यावर मुंजी, लग्ने आणि सिनेमे पाहतात. त्याची धुरा पुढे ज्यांनी वाहिली त्या झाँ-बाप्तिस्त कॉम्फ यांनी उघडपणे सांगितले आहे की, व्हीएलसीबरोबर जाहिराती चिकटवून देण्याबद्दल मोठमोठ्या रकमा देऊ करण्यात आल्या होत्या आणि त्यांनी त्या नाकारल्या. नाकारलेल्या पैशाचा पुतळा कोठे उभारत नाहीत. तो शंकू पाहिला की मला त्या पैशाची आठवण होते.

लिब्रेऑफिसची कथा भाऊबंदकीची आहे. मार्को ब्योरीज नावाच्या जर्मन मुलाने मिसरूड फुटण्याच्या वयात, १९८५ साली, कंपनी काढून लेखनाचा एक प्रोग्राम विकायला सुरुवात केली. ती कंपनी १९९९ साली सन या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि दुसऱ्याच वर्षी त्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. २०१० साली सनच ओरॅकलच्या मालकीची झाली. नव्या घरात आपले काय होईल याची शंका आल्यामुळे अनेक कर्त्यांनी त्याच वर्षी निराळी चूल मांडली आणि तिला लिब्रेऑफिस हे नाव दिले. एरवी असे निघालेल्यांना रिकाम्या हाताने निघावे लागते. येथे संहिता मुक्त असल्यामुळे प्रत्येकाला ती बरोबर नेता आली. गिम्प हे कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांचे काम, ऑडॅसिटी एका अमेरिकन विद्यापीठातील विद्यार्थी आणि त्याचे अध्यापक यांचे, सेव्हन-झिप इगोर पावलोव्ह या एका रशियन गृहस्थाचे.

संहिता म्हणजे काय हे दिवाळीच्या दिवसांत सांगणे सोपे आहे. बाजारातून आणलेली चकली तुम्ही खाऊ शकता. ती कडक झाली असली तर कडक खावी लागते. पण कोणी तुम्हाला भाजणीचे प्रमाण दिले, तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडीद किती, धणेजिरे केव्हा घालावे, तर तुम्ही तिखट कमी करू शकता आणि ते प्रमाण पुढे सुनेलाही देऊ शकता. नेहमीचे विकत मिळणारे सॉफ्टवेअर म्हणजे चकली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चकली आणि तिच्याबरोबर भाजणीची चिठ्ठी. चिठ्ठी वाचता येणे ही गोष्ट वेगळी. बहुतेकांना ती येत नाही, मलाही पुरती येत नाही. पण ज्याला वाचता येते असा कोणीतरी जगात असतो, आणि चकलीत काय घातले आहे ते त्याच्यापासून लपवता येत नाही, हा आधार न वाचणाऱ्यालाही मिळतो. प्रमाण विचारले असता ‘अंदाजानं घालते हो’ असे सांगून एक जिन्नस गाळणाऱ्या बायका प्रत्येक गावात असतात. स्टॉलमन यांचा सगळा लढा अशाच एका नकारातून उपजला. १९८० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडकला की सर्वांना कळवील अशी सुधारणा त्यांना करायची होती; जुन्या यंत्रात ती त्यांनी केलीही होती. नव्याची संहिता ज्याच्याजवळ होती अशा दुसऱ्या विद्यापीठातील माणसाकडे ते गेले, तेव्हा त्याने सांगितले की, मी ती कोणाला न देण्याचे वचन दिलेले आहे. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याला नाही म्हटले. ज्याच्याशी आपला कधी संबंध आला नाही अशा माणसालाही न देण्याचे वचन आधीच देऊन ठेवणे ही गोष्ट स्टॉलमन यांना अनैतिक वाटली. मला ती बोच समजते.

आता फुकटाकडे वळते. ज्याला शून्य रुपये पडतात अशी सॉफ्टवेअर आपल्या घरांत निरनिराळ्या वाटांनी शिरलेली आहेत, आणि त्या वाटा एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. पहिली आणि जुनी वाट चोरीची. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे संगणक जुळवून देणारा दुकानदार ‘साहेब, सगळं टाकून देतो’ असे म्हणे, आणि त्या ‘सगळ्या’त हजारो रुपयांचे प्रोग्राम असत, ज्यांच्यापैकी एकाचीही पावती नसे. सज्जन, लोकांच्या बागेतले फूल न विचारता न तोडणाऱ्या माणसांच्या घरी हे चालत असे. कोणाचे काही कमी झालेले दिसत नाही, मूळ प्रत जागच्या जागी आहे, मग चोरी कसली, हा युक्तिवाद तेव्हाचा. या युक्तिवादाला उत्तर फार आधीच दिले गेले होते. ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घातलेल्या, संगणकाचा छंद असणाऱ्यांना उद्देशून लिहिलेल्या एका अनावृत पत्रात वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी विचारले होते की, यंत्राचे पैसे तुम्ही निमूटपणे देता, पण प्रोग्राम मात्र वाटून घ्यायचा असे समजता. असे असेल तर चांगले काम फुकटात करणे परवडणार कोणाला? त्या पत्राची भाषा उद्धट आहे आणि ते लिहिणारे गृहस्थ पुढे जगातले सर्वात श्रीमंत गणले गेले, म्हणून आपण त्याला हसतो. पण प्रश्न खरा आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

दुसरी वाट आमिषाची. हे सॉफ्टवेअर कायद्याने फुकट असते, परंतु जाता जाता तुमचे काय पाहिले, काय शोधले, कोठे गेलात याची टाचणे घेत असते, किंवा बरोबर दोन नको ते पाहुणे घरात आणून बसवते. याविषयी फार लिहीत नाही. उंदराच्या सापळ्यातले खोबरे फुकटच असते.

तिसरी वाट देणगीची, आणि माझे म्हणणे असे आहे की, पहिल्या दोन वाटांची इतकी सवय होऊन गेली की तिसऱ्या वाटेने कोणी आले तर त्याला ‘या’ म्हणण्याचेही आपण विसरलो. चोरी करताना धन्याचे तोंड पाहायचे नसते. आमिष घेताना देणाऱ्याच्या हेतूचा विचार करायचा नसतो. तेच डोळे घेऊन आपण देणगी घ्यायला जातो. चोरून आणलेला प्रोग्राम आणि कोणीतरी दहा वर्षे रात्री जागून केलेला व ‘घ्या’ म्हणून ठेवलेला प्रोग्राम, दोन्ही आपल्याला ‘फुकटातलं’ या एकाच नावाखाली दिसतात. मला यातली कृतघ्नता तितकी टोचत नाही जितका आंधळेपणा टोचतो.

घेण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे नाही. उलट, तिचा विचार फार बारकाईने झालेला आहे. द्यावे कसे, तर श्रद्धेने, ऐपतीप्रमाणे आणि लाजत द्यावे, असे तैत्तिरीय उपनिषदात शिकवले आहे. आणि मनुस्मृतीने अधिकार असूनही दान घेण्याची चटक ब्राह्मणाला लागू नये, त्याने तेज विझते, असा इशारा देऊन ठेवला आहे. शास्त्र सोडा, व्यवहारातही घेण्याच्या किती तऱ्हा होत्या. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यातून मोठमोठी माणसे शिकली, पण त्या अन्नाचा घास कसा उतरत असे हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांच्या शब्दांत आयुष्यभराचा सल असतो, कारण प्रत्येक घासाला देणाऱ्याचा चेहरा समोर असे. पाणपोईचे अगदी उलट. रांजण आहे, वर झाकणी आहे, डोह्यासारखे ओगराळे आहे. कोणी नाव विचारत नाही. पिणाऱ्याला कमीपणा नाही, पण रांजण कोणी भरला हेही त्याला ठाऊक नसते. शेतकऱ्यांची सावड तिसऱ्या प्रकारची: आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. तिथे हिशेब चोख, म्हणून उपकाराचे ओझे नाही. आणि वारीच्या वाटेवर तर सगळेच उलटे होते. गावकरी वारकऱ्याला भाकरी वाढतो, वर त्याच्याच पाया पडतो. घेणाऱ्याने घेतले हाच देणाऱ्यावर उपकार.

मुक्त सॉफ्टवेअर यांपैकी कशात बसते याचा मी बराच विचार केला. त्याला सावड म्हणण्याची पद्धत आहे, पण ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुरती खरी. मी आणि सोसायटीचे चिटणीस त्यात कोणते बैल घालणार? आपल्यापुरती ती पाणपोई. तथापि एक फरक आहे. स्टॉलमन यांनी १९८९ साली जो परवाना लिहिला, जीपीएल नावाचा, त्यात देणाऱ्याने एक अट घातली आहे, आणि ती अट मला परतफेडीच्या साऱ्या कल्पनांहून निराळी वाटते. मला परत द्या, असे ती म्हणत नाही. तुम्ही यात काही बदल करून दुसऱ्याला द्याल तर त्यालाही भाजणीची चिठ्ठी द्या, त्याचे हात बांधू नका, एवढेच म्हणते. आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात त्याची ही जात. ऋषींचे ऋण ऋषींना फेडता येत नाही, ते कधीच गेले. विद्या जिवंत ठेवून पुढच्याला द्यावी म्हणजे फिटते. ‘व्हिम’ नावाचा, मजकूर संपादन करण्याचा प्रोग्राम लिहिणारे डच गृहस्थ ब्राम मोलेनार यांनी तर ऋणाचे तोंडच तिसरीकडे वळवले. मला पैसे नकोत, युगांडातील किबाले येथल्या पोरक्या मुलांना द्या, असे त्यांनी प्रोग्रामच्या परवान्यातच सुचवले आणि त्याच्या पहिल्या पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याची ओळ घातली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. त्यांचा प्रोग्राम वापरून ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांतल्या कित्येकांनी जगाच्या नकाशावर किबाले पहिल्यांदा शोधले असेल.

पण जो नुसता वापरणारा आहे, काही बदलत नाही आणि पुढे देत नाही, त्याच्याकडून जीपीएल काहीच मागत नाही. चालवण्यावर बंधन नाही, असे त्यात स्पष्ट आहे. कायद्याने आपण पूर्ण मोकळे. येथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो, कारण रांजण आपोआप भरत नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये जगाला ‘हार्टब्लीड’ हे नाव कळले. आपण बँकेचे व्यवहार करताना मधली बोलणी गुप्त राखणारे ओपनएसएसएल नावाचे मुक्त सॉफ्टवेअर असंख्य संकेतस्थळे वापरत होती, आणि त्यात दोन वर्षे एक भोक राहून गेले होते. शोध घेता असे आढळले की, या कामावर पूर्ण वेळ असणारा माणूस एकच, आणि देणग्या येत त्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर. त्यावर कोट्यवधींचा धंदा करणाऱ्यांना तोवर हे विचारावेसे वाटले नव्हते. मग मोठ्या कंपन्यांनी घाईघाईने निधी उभारला.

त्याहून मला अस्वस्थ करते ती २०२४ ची हकीकत. आपल्या सेव्हन-झिपचे कर्ते पावलोव्ह यांनी फायली दाबून लहान करण्याची जी पद्धत बसवली, तिच्यावर आधारलेले ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन लिनक्सच्या जगात सर्वत्र वापरतात. फिनलंडचे लासे कोलिन हे गृहस्थ ते वर्षानुवर्षे एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. २०२२ साली काही लोक त्यांच्यामागे लागले: सुधारणा का होत नाहीत, उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. कोलिन यांनी उत्तर लिहिले की, बराच काळ माझे मनःस्वास्थ्य ठीक नाही, आणि हे माझे बिनपगारी, छंदाचे काम आहे हेही ध्यानात ठेवावे. त्याच सुमारास जिया टॅन या नावाचा एक मदतनीस पुढे आला. नम्र, कष्टाळू, नेमाने काम करणारा. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. २०२४ च्या आरंभी त्याने त्या साधनात एक चोरदरवाजा बसवला. मागे लागलेले ते लोक हे बहुधा याच कटातले, खोट्या नावांनी लिहिणारे होते. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या यंत्रावर प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला, आणि २९ मार्चला कट उघडकीस आणला. तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. संहिता सर्वांना वाचायला मोकळी होती म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला, हेही नोंदवले पाहिजे.

या हकीकतीत कटवाल्यांचे कपट मला तितके विलक्षण वाटत नाही. विलक्षण वाटते ते हे की, त्यांचे तगाद्याचे शब्द कोणाला खोटे वाटले नाहीत. थकलेल्या माणसाला अनोळखी लोकांनी ‘आमचं काम अजून का झालं नाही?’ असे दरडावून विचारणे ही त्या जगातली इतकी रोजची गोष्ट झालेली होती की तिच्याआड चोर सहज लपू शकला. पाणपोईवर पाणी पिऊन वर ‘गार का नाही?’ म्हणून ओरडणारे गिऱ्हाईक नेहमीचेच असले म्हणजे त्या गर्दीत दरोडेखोर कोण हे ओळखू येत नाही.

माझा एक भाचा याच धंद्यात आहे. हे सगळे त्याला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तू त्यांना उगीच संत करून ठेवतेस. लिनक्सचं बरंचसं काम पगारी माणसं करतात, कंपन्या त्यांना पैसे देतात. कित्येकांना नावासाठी करायचं असतं, कित्येकांना निव्वळ मजा येते. आणि ज्यानं मागितलंच नाही त्याचं देणं कसलं?” त्याचे पहिले म्हणणे मी मान्य केले. त्या फ्रेंच पोरांना जगाचे कल्याण करायचे नव्हते, वेगवान जाळे हवे होते. पण हेतूची शुद्धता हा देणाऱ्याचा प्रश्न आहे; माझ्या ऋणाशी त्याचा काय संबंध? आईला स्वयंपाकाची हौस होती म्हणून जेवणाचे काही वाटायचे नाही, असे कोणी म्हणत नाही. दुसरे म्हणणे मात्र कठीण आहे. न मागितलेले देणे हे देणे नव्हे, हे बाजारात खरे. घरात अगदी उलट असते: मागावे लागले की त्या देण्याची किंमत गेली. प्रश्न एवढाच की, पॅरिसच्या नि फिनलंडच्या अनोळखी माणसांशी आपले नाते बाजारातले समजायचे की घरातले. भाचा म्हणाला, “दोन्हींतलं नाही.” त्याचे उत्तर मला पटले, आणि म्हणूनच घेण्याची एखादी नवी रीत बसवावी लागेल असे वाटते, जुनी जशीच्या तशी चालणार नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते, त्याला रीत म्हणण्याचे धाडस नाही. विचारणाऱ्याला मी प्रोग्रामचे नाव सांगते तेव्हा तो कोणी केला हेही सांगते, आणि त्यांच्याच दारातून घ्यायला सांगते. यात व्यवहारही आहे. नाव शोधू गेले की मधलेच दलाल मोठी हिरवी बटणे घेऊन पुढे येतात आणि मूळ वस्तूबरोबर भलते सामान चिकटवून देतात. गिम्पची विंडोजसाठीची प्रत तयार करणाऱ्यांनी २०१३ साली याच कारणावरून एका प्रसिद्ध वितरणस्थळावरून आपले बिऱ्हाड हलवले होते. वर्षातून एकदा, पाडव्याला, ज्यांच्यावाचून वर्षभर अडले असते त्यांतल्या एखाद्याला थोडे पैसे पाठवते. ते थोडेच असतात. चिटणीस म्हणाले, “अहो, एवढ्यानं त्यांचं काय होणार?” त्यांचे काही होत नसेलही.

पैशाखेरीज काही देण्यासारखे आपल्यापाशी आहे का? प्रोग्राम लिहिता येत नाही म्हणून आपण हात झाडतो, पण आपल्यापाशी एक गोष्ट आहे जी त्या पॅरिसच्या पोरांपाशी नाही, ती म्हणजे मराठी. या बाबतीत आपण पूर्वी चांगलेच पोळलो आहोत. नव्वदच्या दशकात मराठी टंकलेखनासाठी जो तो आपापली अक्षरे आणि आपापले संकेत घेऊन आला. त्यांत लिहिलेला मजकूर ते विशिष्ट सॉफ्टवेअर नसेल तर नुसता चिन्हांचा भुसा दिसतो. अशा बंद पेटाऱ्यांत किती लेख, किती प्रबंध आणि किती दिवाळी अंक अडकून पडले असतील! युनिकोड आले, सर्वांची अक्षरे एका संकेतात आली, तेव्हा कोठे सुटका झाली. मग मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांनी ‘मुक्ता’ नावाची सुरेख देवनागरी अक्षरे घडवून मुक्त परवान्याने देऊन टाकली. लिब्रेऑफिसच्या पट्टीवरचे शब्द मराठीत दिसतात तेही कोणीतरी बसून केलेले आहेत. त्यांतले काही शब्द फार ओबडधोबड आहेत, आणि ते सुधारायला संगणकशास्त्र लागत नाही; चांगले मराठी लागते.

आमच्या शेजारच्या बाई छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या म्हणून त्यांना मी ऑडॅसिटी बसवून दिले होते. “याचे पैसे कोणाला द्यायचे?” असे विचारणाऱ्या त्या एकट्याच. मी त्यांना ‘कॉमन व्हॉइस’ दाखवले. मोझिला या संस्थेने २०१७ साली सुरू केलेला हा उपक्रम आहे. लोकांनी आपापल्या भाषेतली वाक्ये मोठ्याने वाचायची, तो आवाज खुल्या संग्रहात जमा होतो, आणि यंत्राला भाषा ऐकायला शिकवू पाहणाऱ्या कोणालाही तो घेता येतो. मराठीही त्यात आहे. बाईंनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वर्गात वाचावे तशी चार वाक्ये खणखणीत वाचली. पाचव्याला त्या थांबल्या. वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती.

“हे कोणाला सांगायचं?” त्यांनी विचारले. “असं चुकीचं मी वाचणार नाही.”

तक्रार नोंदवण्याचे बटण खालीच होते. ते मी त्यांना दाखवले.